ओळखीच्या हातचं सॉफ्टवेअर

मंगळवार पेठेत आकाराम फोटोवाल्याचं दुकान कुठं असं विचारलं, की सांगणारा आधी उलट विचारतो, "लग्नाचं काम हाय का वारल्याचं?" नवखा माणूस दचकतो, पण विचारण्यात वावगं काही नाही. लग्नाचे फोटो काय, कोल्हापुरात गल्लीगल्लीला काढतात. वारलेल्या माणसाचा फोटो हुडकून देणारा मात्र हा एकच.

त्याचं असं आहे बघा. खेड्यातल्या बाईमाणसाचा घरात धड एक फोटो नसतो. ओळखपत्रावरचा असतो, त्यात सख्खा नवरासुद्धा तिला ओळखणार नाही. आणि माणूस गेलं की रक्षाविसर्जनाला फ्लेक्स पाहिजे, उत्तरकार्याला पाटावर फ्रेम पाहिजे. मग ट्रंका उपसतात, एकमेकांवर खेकसतात आणि शेवटी कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडतो, अरं, थोरल्या पुतणीच्या लग्नात होती की आई! फोटोला कोण होतं? आकाराम. की सुटले मोटारसायकलला किक मारून कोल्हापूरला.

लग्नात फोटो काढायचे दोन हजार आणि अल्बममध्ये घालायचे दोनशे. बाकीचे फोटोवाले राहिलेले अठराशे चार महिन्यांत पुसून टाकतात, जागा अडते म्हणून. आकारामनं बावीस वर्षांत एक पुसला नाही. त्या अठराशेत काय असतं? पंगतीत वाढणारी मावशी, मांडवाच्या खांबाला टेकलेला म्हातारा, अक्षता टाकताना तोंड उघडं राहिलेली आजी. हीच माणसं नंतर लागतात. राधानगरी, चंदगड, पन्हाळा, असं गावाप्रमाणं त्यानं सगळं लावून ठेवलं होतं. कुणी येऊन गाव आणि नवरदेवाचं नाव सांगितलं, की आकाराम दहा मिनिटांत ते माणूस स्क्रीनवर आणून उभं करायचा. मग गर्दीतनं त्याला अलगद कापायचं, मागचा पसारा काढायचा, निळसर पडदा टाकायचा आणि मोठा फोटो द्यायचा. बायका दुकानातच फोटो छातीशी धरून रडायच्या. आकाराम तोंडानं फटकळ, पण अशा वेळी आत जाऊन उगीच कॅमेरा पुसत बसायचा.

एवढा ऐवज ज्या कॉम्प्युटरवर, त्याला तो किती जपत असेल! पंधराएक वर्षांमागं त्यानं नेटवरनं फुकटचं घड्याळ उतरवलं होतं, स्क्रीनवर टिकटिक करणारं. त्या घड्याळातल्या व्हायरसनं चार लग्नांचे फोटो खाल्ले. तेव्हापासनं त्याचा कायदा ठरला, नेटवरनं काही म्हणजे काही उतरवायचं नाही. सॉफ्टवेअर लागलंच तर ओळखीच्या माणसाकडनं पेनड्राइव्हवर घ्यायचं.

"नेटवरचं ते बेवारस," तो सांगायचा. "कुणी ठेवलं, कशाला ठेवलं, आपल्याला काय ठावं? माणसाकडनं घेतलं तर उद्या त्याची कॉलर तरी धराय येतीया."

पेठेतले सगळे फोटोवाले असंच करायचे. हॉलवर पंगत चालू असताना पेनड्राइव्ह इकडनं तिकडं जायचे, आणि त्याला कुणी नाही म्हणायचं नाही. त्या ओळखीच्या माणसानं ते कुठनं आणलं, हे विचारायची पद्धतच नव्हती. विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. आता ह्याला शहाणपण म्हणायचं का खुळेपणा, तुम्हीच ठरवा.

आकारामचा ओळखीचा माणूस म्हणजे विश्वजित. आकाराम फोटोला, विश्वजित व्हिडिओला, अशी जोडी अठरा वर्षं चालली होती. एकाला लग्नाची सुपारी आली की दुसऱ्याची ठरलेलीच. हॉलवर दोघं एका ताटात जेवलेत. आकारामच्या वडिलांना दवाखान्यात हलवायचं होतं, तेव्हा रिक्षाची वाट न बघता विश्वजितनं त्यांना पाठुंगळी घेऊन जिना उतरवला होता. असल्या माणसावर संशय कसला घेताय!

एका रविवारी लग्नाच्या हॉलवर विश्वजितनं आकारामच्या खिशात पेनड्राइव्ह कोंबला.

"नवीन सॉफ्टवेअर हाय, मर्दा. फोटोच्या मागचं सगळं एका क्लिकमध्ये साफ. तुझं दोन तासांचं कटिंग दोन मिनिटांत. नाद खुळा!"

"कुठनं आणलंस?" आकारामनं आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, ते सुद्धा हसत हसत.

"कंपनीचं हाय. पुण्यासनं पाठवलंय भावानं."

"नक्की?"

"व्हय की. माझ्यावर विश्वास न्हाय व्हय तुझा?"

विषय संपला. आकारामनं पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये टाकला आणि कामाच्या गडबडीत आठवडाभर तो तिथंच राहिला. मधल्या गुरुवारी आणि शुक्रवारी दोघांनी नेहमीसारखा टपरीवर चहा घेतला. विश्वजित जरा गप्प होता. आकारामनं विचारलं, तर "झोप न्हाय," एवढंच म्हणाला.

शनिवारी राधानगरीकडच्या एका वाडीतनं गणपतराव आला. साठीचा, उन्हानं रापलेला, हातात टोपी. बायको जाऊन सहा दिवस झाले होते. सगळा गाव तिला आक्का म्हणायचा. पुढच्या शुक्रवारी उत्तरकार्य होतं, आणि घरात तिचा फोटो नव्हता.

"तिच्या भाचीच्या लग्नात एक निघाला आसंल म्हणत्यात पोरी. बघा की पावणं, जमलं तर."

आकारामनं भाचीचं गाव विचारलं, वर्ष विचारलं आणि फोटो सरकवायला लागला. एक, दोन, तीनशे. गणपतराव खुर्चीच्या कडेला बसून स्क्रीनकडं बघत होता, आणि एकदम उठून उभा राहिला.

"हीच की! हीच!"

स्वयंपाकाच्या मांडवाजवळ आक्का उभी होती, कुणाशी तरी बोलता बोलता कॅमेऱ्याकडं वळलेली. नवरी पुढनं जात होती म्हणून आकारामनं बटण दाबलं होतं आणि ही मागं सापडली होती. अल्बममध्ये हा फोटो कधीच गेला नव्हता. अख्ख्या जगात तो ह्या एका कॉम्प्युटरवर होता.

गणपतरावानं स्क्रीनला हात लावायला बोट पुढं केलं आणि परत मागं घेतलं.

"मिळंल न्हवं?"

"मिळंल काय, मिळालाच की मामा. गुरुवारी या. मागचा पसारा काढून मोठा करून ठेवतो. आक्का नुसती तुमच्यासमोर येऊन उभारल्यागत दिसंल."

गणपतराव गेला. आकाराम फोटो मोठा करून बसला. मागं भांडी, सिलिंडर, वायरी, अर्धी कापली गेलेली माणसं. हातानं कापायचं तर दुपार गेली असती. तेवढ्यात त्याला ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह आठवला.

पेनड्राइव्ह घातला, फाइलीवर क्लिक केलं, आणि अँटीव्हायरसनं लाल चौकट आणून आडवी लावली. धोका आहे, उघडू नका. आकारामनं परत क्लिक केलं, परत लाल चौकट. त्यानं विश्वजितला फोन लावला.

"आरं, हे ओरडाय लागलंय की. काय करू?"

पलीकडनं लगेच उत्तर आलं नाही. आकारामला वाटलं, फोन कटला.

"हॅलो? विश्वा?"

"बंद कर की ते," विश्वजित म्हणाला. "अँटीव्हायरस बंद करून घाल. सगळीच तसं करत्यात."

"काय हुणार न्हाय न्हवं?"

"न्हाय रं. घाल तू. आणि कसं चालतंय मला सांग."

आकारामनं अँटीव्हायरस बंद केला. सॉफ्टवेअर बसलं, एक खिडकी उघडली, गोल चक्र फिरत राहिलं. फिरतंय तर फिरू दे म्हणून तो समोर वडापाव खायला गेला. परत आला तेव्हा स्क्रीन काळी झाली होती आणि तिच्यावर इंग्रजीत मजकूर होता. तुमच्या सगळ्या फाइलींना कुलूप घातलंय, किल्ली पाहिजे तर पैसे पाठवा, असा त्याचा मतलब. त्यानं राधानगरीचं फोल्डर उघडलं. प्रत्येक फोटोच्या नावाला पाच-सहा अक्षरांचं शेपूट लागलं होतं आणि एकही उघडत नव्हता. चंदगड उघडलं. तेच. बावीस वर्षं, सगळीकडं तेच.

त्याच्याकडं दुसरी प्रत होती. तेवढा तो खुळा नव्हता. बाहेरच्या हार्डडिस्कवर दर आठवड्याला सगळं उतरवून ठेवायचा. पण ती डिस्क काढ-घाल करून पिन ढिली होते, म्हणून ती कायम कॉम्प्युटरलाच लावून ठेवलेली असायची. त्या दिवशीही ती लावलेलीच होती, आणि तिच्यातसुद्धा शेपटं लागली होती. आकाराम खुर्चीत बसून राहिला. दोन गिऱ्हाइकं आली आणि त्याचं तोंड बघून परत गेली.

सोमवारी त्यानं यंत्र उचलून प्रियदर्शनीकडं नेलं. शाहूपुरीत तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. जैनांची पोर, बापाच्या धान्याच्या दुकानात बसायचं सोडून ह्यात पडलेली, आणि जिभेला हाड नाही. तिनं तासभर बघितलं, नेटवर काय काय शोधलं आणि मान हलवली.

"काका, ह्याची किल्ली अजून कुणाकडं न्हाय. पैसे तर अजिबात पाठवू नका, ते घेऊन गप्प बसत्यात. डिस्का ठेवून द्या, कधी पुढंमागं किल्ली निघाली तर निघाली. पण आशेवर राहू नका."

"मी नेटवरनं काय उतरवत न्हाय, पोरी. माणसाकडनं घेतलंय."

"आणि त्या माणसानं कुठनं घेतलं? झाडावरनं तोडलं?" ती भडकलीच. "काका, हेच सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवर महिनाभर फुकट वापराय देत्यात. सरळ तिथनं उतरवलं असतं तर कायसुद्धा झालं नसतं. ह्या फाइलीवर कंपनीची सही न्हाय. कुणीतरी कंपनीचं लॉक फोडून नेटवर टाकलेलं हाय हे, आतनं किडका माल. आणि अँटीव्हायरस बोंबलत होता न्हवं? वॉचमन चोर चोर म्हणून ओरडतोय, आणि तुम्ही वॉचमनलाच कोंडून दार उघडून दिलासा!"

"माझा दोस्त हाय तो. त्यालाबी ठाऊक नसणार."

"नसंल. पण दोस्त चांगला म्हणजे फाइल चांगली, असं कुठं असतंय? आणि ती दुसरी डिस्क कॉम्प्युटरला चिकटवून ठेवायची असंल तर ती असून काय उपयोग? काम झालं की काढून कपाटात ठेवायची."

आकारामनं सगळं ऐकून घेतलं. त्याला एकच काळजी लागली होती, की विश्वजितला कळलं तर तो मनाला लावून घेईल. आपल्यामुळं आकारामचं वाटोळं झालं म्हणून त्याला घास गोड लागणार नाही. म्हणून ह्या शहाण्यानं दोन दिवस त्याला सांगितलंच नाही. चांगुलपणाची सुद्धा हद्द असते!

बुधवारी विश्वजितची बायको अनुजा दुकानात आली. कुणीतरी पेठेत बोललेलं तिच्या कानावर गेलं होतं. ती दारातच उभी राहिली आणि पदर डोळ्याला लावला.

"भावजी, तुमचाबी गेला म्हणं कॉम्प्युटर?"

"माझाबी म्हणजे?" आकाराम म्हणाला.

"आमचा गेला की, गेल्या आठवड्यात मंगळवारी. तसलंच इंग्रजी आलं बघा स्क्रीनवर. माझ्यामुळं झालं, भावजी. मी पोरीचा शाळेचा फॉर्म उतरवून घेतलता, त्यानंच व्हायरस आला म्हणत्यात हे. आठ दिवस माझ्याशी बोलंनात. तुमचा कशानं गेला वो? आमच्याकडनंच तर काय आलं न्हाय न्हवं?"

आकारामनं बोटं मोजली नाहीत, तरी हिशोब लागला. रविवारी पेनड्राइव्ह दिला. मंगळवारी विश्वजितचा कॉम्प्युटर गेला. गुरुवारी चहा, शुक्रवारी चहा. शनिवारी फोन. बंद कर की ते. सगळीच तसं करत्यात.

"वहिनी, तुमच्यामुळं न्हाय झालं," तो म्हणाला. "चला माझ्यासंगट."

विश्वजितचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच. तो नवीन डिस्क घातलेल्या कॉम्प्युटरसमोर बसला होता. आकारामच्या मागं बायको बघितल्यावर त्यानं खाली मान घातली. त्याला विचारायचं काही राहिलंच नव्हतं, तरी आकारामनं विचारलं.

"शनिवारी मी फोन केला तवा तुझा मंगळवारीच गेलता?"

"व्हय."

"सॉफ्टवेअर कुठनं आणलतंस?"

"नेटवरनं. फुकटचं हुतं."

"मग मला घाल कशाला म्हणालास? अठरा वर्षांत मी तुझं काय वाईट केलतं, ते तरी सांग!"

विश्वजित बोलला ते खाली बघूनच.

"मला नक्की ठाऊक न्हवतं, आक्या. आईशप्पत. संशय हुता नुसता. त्यानं झालं का दुसऱ्या कशानं, कळंना. म्हटलं, तू घालतोयस तर घालू दे. तुझ्याकडं चाललं, म्हणजे माझं दुसऱ्याच कशानं तरी झालं असणार."

"आणि न्हाय चाललं तर?"

तेवढ्या लांबचा विचार विश्वजितनं केलाच नव्हता. कॉलर धरायची म्हणून आकाराम जन्मभर सांगत आला होता, आता कॉलर हातभरावर होती, आणि त्याचा हात उचलेना. ह्या माणसानं त्याच्या बापाला पाठीवर घेऊन जिना उतरवला होता. त्याच माणसानं, विहिरीचं पाणी कसं आहे बघायला आधी दुसऱ्याला पाजावं, तसं त्याला पाजलं होतं. वैरी असता तर आकारामनं एक मुस्काटात ठेवून दिली असती आणि जेवला असता.

"आणि वहिनीवर ढकललंस," तो म्हणाला.

"घरात काय तरी सांगाय लागतंय की."

अनुजा इतका वेळ उंबऱ्यात उभी होती. ती आत गेली आणि मधलं दार लावून घेतलं.

गुरुवारी अकराच्या सुमाराला गणपतराव आला. अंगात धुतलेला सदरा, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. त्यानं ते जपून काउंटरवर ठेवलं आणि कागद सोडला. काच बसवलेली नवी फ्रेम होती.

"म्हटलं, फ्रेम आपण घ्यावी चांगली बघून. तुम्हास्नी कशाला तरास."

आकारामनं त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. पेनड्राइव्ह, फोन, कुलूप, विश्वजित. विश्वजितचं सांगताना त्याचा आवाज चढला. कालपासनं तेच त्याच्या डोक्यात घुमत होतं, सांगून मन मोकळं होत नव्हतं.

"म्हंजे फोटो न्हाय," शेवटी गणपतराव म्हणाला.

"न्हाय, मामा."

"शनिवारी तर हुता की. मी बघितलाय."

"हुता."

गणपतरावानं फ्रेमवरची काच सदऱ्याच्या बाहीनं पुसली. काच पुसायची गरज नव्हती.

"तुमच्या मैतरानं तुम्हास्नी फसवलं म्हणतासा. आसंल," तो म्हणाला. "पर मला तुम्ही म्हणालासा, गुरुवारी या. मी घरात समद्यास्नी सांगितलं, आकारामराव देणार हायती. तुमच्या मैतराला मी कुठं वळखतोय? मी तुम्हास्नी वळखतोय."

कालपासनं आकारामला एकच दिसत होतं, की आपल्याला फसवलं. आपण कुणाला शब्द देऊन बसलोय, आणि अँटीव्हायरस आपल्याच बोटानं बंद केलाय, हे त्याच्या मनाला शिवलं नव्हतं.

"चुकलं मामा माझं," तो म्हणाला.

गणपतरावानं मान हलवली, पण उठला नाही. टोपी गुडघ्यावर ठेवून बसून राहिला.

"त्या लग्नाला मी गेलतो न्हाय," तो म्हणाला. "म्हशी कुणी बघायच्या? तिला म्हटलं, तू जाऊन ये. आणि शनिवारी चष्मा घरात राहिलता. ती हाय एवढंच दिसलं मला, धड काय दिसलं न्हाय. तुम्ही मोठ्ठा करून बघितलासा की. कशी दिसत हुती? हसत हुती काय?"

आकारामनं डोळे मिटून आठवायला घेतलं. त्याला दोन सिलिंडर आठवले. निळं पिंप, ताटांची चवड, लोंबणारी वायर, कुणाचा तरी कोपरापर्यंतचा हात, सगळं जिथल्या तिथं आठवलं. ते कापायचं होतं म्हणून त्यानं ते नीट बघून घेतलं होतं. आक्काचा चेहरा तसाच राहणार होता, म्हणून त्याच्याकडं बघितलंच नव्हतं. ती हसत होती का, त्याला ठाऊक नव्हतं.

गणपतराव त्याच्या तोंडाकडं बघत होता.

"व्हय," आकाराम म्हणाला. "हसत हुती."

"चांगली हसत हुती?"

"लई चांगली."

गणपतरावाच्या डोळ्यांतनं पाणी आलं. ते त्यानं टोपीनं पुसलं, फ्रेम परत वर्तमानपत्रात गुंडाळली आणि काखेत मारली.

"मग बरं झालं," तो म्हणाला. "घरात सांगतो तसं. पोरीस्नी बरं वाटंल."

तो पायऱ्या उतरून स्टँडच्या दिशेनं चालायला लागला. त्याला परत हाक मारावी आणि खरं सांगावं म्हणून आकाराम दारापर्यंत गेला, पण त्यानं हाक मारली नाही.